आईची आदोळी आणि जपानी दगड

२ ऑगस्ट, सकाळी
धार लावायचा दगड आला. जपानी. एक बाजू हजार ग्रिटची, दुसरी सहा हजारची. या गावात एवढं प्रिसिजन कोणाला झेपणार? इथे मागच्या दाराच्या पायरीवर पातं चार वेळा घासतात आणि म्हणतात धार लागली. कणकवलीच्या ऑफिसात बत्तीस वर्षं अशाच अडाण्यांच्या फायली तपासल्या.

यंदा गणपतीची पाळी आमची. भावकीची बावीस पानं. नैवेद्याची सगळी भाजी मी धार लावलेल्या पात्यावर चिरली जाईल, असं बाबलीला सांगून टाकलं. धाकटा भाऊ, शेतकरी माणूस. हसला. सोडून दिलं.

५ ऑगस्ट
दगड अर्धा तास पाण्यात. व्हिडिओवाला म्हणतो कोन पंधरा अंश. मुलाच्या जुन्या कंपासपेटीतला कोनमापक शोधून काढला. सुरीवर दीड तास. टोमॅटो कापायला गेलो तर चेपला. टोमॅटोच जास्त पिकलेला होता. निकाल राखून ठेवला.

९ ऑगस्ट
सुनीती म्हणते, ही सुरी आधी निदान कांदा तरी कापायची. बायकोला टेक्निकल विषयात बोलूच देऊ नये.
संकल्प : रोज चाळीस मिनिटं सराव. पाऊस नसेल तर.

१६ ऑगस्ट
आठवडाभर पाऊस.

१७ ऑगस्ट
आता खरं काम. श्रावणामुळे माशांची आदोळी, म्हणजे विळी, पडवीत पडून आहे. पायाखाली दाबून बसायची दळभद्री वस्तू, पातं काळंकुट्ट. ऑफ-सीझन सर्व्हिसिंग काढलं. पातं पाटापासून सोडवून दोन तास घासलं. बाबली आला, अंगठा फिरवून म्हणाला, "दादा, धार लावलंस की दात पाडलंस?"
मत्सर. दुसरं काय?

२४ ऑगस्ट, दुपारी
आज नैवेद्याची आदोळी घेतली. आईची. तिच्यावर बसून आई गणपतीचं अळू चिरायची, पाठीमागून नुसता आवाज ऐकू यायचा. तोच दगड, टबातलं तेच पाणी, कोन पंधरा. आणि लागली! वर्तमानपत्राचा कागद सर्रकन कापला गेला. डोळ्यांत पाणी आलं. उद्या बाबलीला बोलावून दाखवणार.

त्याच दिवशी, संध्याकाळी
सुनीतीला पहिल्यापासून सगळी पद्धत समजावली. कौतुकाची अपेक्षा होती. ती एवढंच म्हणाली, "ह्याच दगडार माशांची आदोळी घासलास?"
मी म्हटलं, पोलाद ते पोलाद, आणि मी ती साबणाने धुतली आहे. तिने पात्याचा वास घेतला. मग आदोळी उचलून पडवीत नेली आणि माशांच्या आदोळीशेजारी ठेवली. तीस वर्षं हिने ती जपली म्हणे. इतकी वर्षं माझ्याबरोबर राहून हिच्यात वैज्ञानिक दृष्टी म्हणून आली नाही.
नंतर जाऊन मीही वास घेतला. बांगडा.

२७ ऑगस्ट, चतुर्थी
भाजी बाबलीच्या बायकोच्या, सुगंधाच्या आदोळीवर चिरली. ती आणायला मलाच पाठवलं. पायरीवर घासलेली. भोपळा लोण्यासारखा कापला. पंगतीत बाबलीने सगळ्यांसमोर विचारलं, "दादा, भाजी बरी चिरली हा मा?" मी भात मागितला.

२९ ऑगस्ट
काल विसर्जन झालं. आज पडवीत आईची आदोळी दिसली. फार वाईट वाटलं. हे कोणाला सांगणार नाही. एवढी धार या घरात कुठल्याच पात्याला कधी नव्हती, आणि आता तिच्यावर बांगडे कापणार. देवाची नवी आणायला उद्या कणकवलीला जायचं आहे. सुनीती म्हणाली, तुम्ही फक्त पिशवी धरा.

दगड जागेवर नव्हता. शोधत मागच्या दारी गेलो, तर सुनीती पायरीवर बसून त्याने टाचा घासत होती. म्हणाली, "हो दगड बरो आसा."

घासण्याआधी तो अर्धा तास भिजवावा लागतो, हे मी तिला समजावून सांगितलं.