हातावरचं दही अन् डॉक्टरची वही

अमरावती, पौष वद्य पंचमी, सन १९३६

चिरंजीव सूर्यभानले वच्छलाबाईचे आशीर्वाद. तानुबाई अन् लेकरं खुशाल असतील. तू धाडलेली वांगी पोचली. अर्धी किडकी होती, पन भावाची म्हनून खाल्ली.

तुह्या भाऊजीचं पोट अजून डफासारखं हाये, पायाची सूज मात्र उतरली. (लोकं म्हनते दारूनं झालं. त्या मानसानं जनमात दुसरा चहा मागतला नाही!) हरिहरपंत डॉक्टर म्हनते, दारूशिवाय लिव्हर काहून बिघडते, हेच त्याले शोधायचं हाये. लिव्हर म्हनजे पोटातली सुगरन, असं त्यानं मले समजावलं. आलेली साखर डब्यात भरते, भूक लागली का काढून देते. तीच बिमार पडली का साखर रक्तात सांडते. म्हनून दर मंगळवारी अनाशापोटी जायचं, मोजून साखरेचं पानी प्यायचं, अन् दर तासाले बोटाले सुई. सारं वहीत. यवढा शिकलेला मानूस, पन अकरा बिमारांची लघवीची भांडी सोता धुते! आमच्या घरी कोनी आपलं ताट उचलत नाही.

पन चार मंगळवार रक्तातली साखर पानी प्यायच्या आधीच चढलेली. डॉक्टर म्हने आजार वाढला, आता जालीम औषध द्या लागते, सोसलं तं सोसलं. मंग त्यानं इचारलं, "बाई, सकाळी यायनं काही खाल्लं का?"

"देवाशपथ नाही. निघताना हातावर दही-साखर ठेवली, तेवढीच."

"किती?"

"बिमार मानूस, म्हनून वाटीभर. पन शकुन काय अन्न होते?"

डॉक्टर खुर्चीत बसला. मले वाटलं, आता दोघांले हाकलते. त्यानं चार पानं खोडली अन् सगळ्यांसमोर लिहिलं, चूक माझी, विचारायचं राहिलं. मंग बाकी बिमारांच्या बायकांले इचारलं, तं मले धरून अकरातल्या सात जनीनं तेच केलतं! एकीनं तं पेढा देलता. असा मानूस म्या पाह्यला नाही, सूर्यभान. या मंगळवारी हे कोरड्या हातानं गेले. साखर खाली हाये, औषध जुनंच ठेवलं.

तुही बहीन वच्छला

ता. क. डॉक्टरले ताडून पाहाले आपल्याच मातीतला निरोगी मानूस पायजे. म्या तुहं नाव देलं. मंगळवारी ये.

आनखी ता. क. वरचं खोटं हाये. त्यानं कोनी मागतलं नाही. दिवाळीत तुह्ये डोळे पिवळे दिसले, अन् तू टोपी पुढं ओढून बसला. म्या डॉक्टरले सारं सांगतलं. तू नाही आला तं तो सुई घेऊन तुह्या घरी अंजनगावले येते. नको म्हनलं, तरी मोटारीचा वखत इचारून राहिला.