ताईचा बदाम, माझा बदाम

श्रीरामपूर, गुरुवार संध्याकाळ

आज आईबरोबर फुलवाल्याकडं गेले. फुलांचे दोन बदाम, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचे, सांगायचे होते. ताईला जाऊन वर्ष होतंय, त्या प्रार्थनेसाठी पांढऱ्या शेवंतीचा, आणि पुढच्या महिन्यात माझ्या साखरपुड्याला लाल गुलाबाचा. नवरा म्हणजे दाजीच. ताईच्या लेकीला आई पाहिजे, म्हणून सगळ्यांनी ठरवलं. मला कुणी विचारलं?

फुलवाला म्हणाला, “साचा एकच हाय, नुसती फुलं बदलू.”

एकच साचा! मी म्हणाले, “लाल नको.”

आईनं माझा हात दाबला. “लेकराकडं बघ गं.”

बघितलं. पोर माझ्या कडेवर झोपली होती, ओढणी मुठीत धरून.

तेवढ्यात दाजींचा फोन आला. “पसंत पडलं का?”

नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणाले.