दादाच्या फुप्फुसाचा तुकडा

३ मार्च

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र पोचलं. गुडघ्यांना उतार आहे हे वाचून बरं वाटलं. आम्हीही ठीक. स्वयंपाकघरातला नळ एकदाचा गळायचा थांबला. दादाचा खोकला आहे, पण तो काय, जुनाच.

त्याने सुतारकाम सोडलंय. म्हणजे, करवत हातात धरवतच नाही. जिना चढताना मध्येच पायरीवर बसतो आणि वर येऊन मला सांगतो, "पेपर वाचत होतो." हातात पेपर नसतो.

ताई, त्याच्या फुप्फुसाचा तुकडा तपासायला आमच्याच प्रयोगशाळेत आला. सर म्हणाले, "दुसऱ्या कुणाला देतो." मी नको म्हटलं. जन्मभर लोकांचे तुकडे पाहिले, आपल्या माणसाचा तेवढा परक्यावर कशाला ढकलायचा? काचेवर घेतला, रंग दिला, पाहिला. धूळ, जंतू गिळणाऱ्या रक्षक पेशी असतात ना आपल्या शरीरात, जखम झाली की त्या वाढीचा घटक सोडतात. त्याने जखम भरून येते. दादाच्या फुप्फुसात त्या थांबतच नाहीत. नजर जाईल तिथे त्याच, तपकिरी रंगाने भरलेल्या. व्रणावर व्रण चढलेत. श्वासाला जागा राहिली नाही.

घरी येऊन त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे भिंत भरली तरी गवंडी लिंपतच सुटलेत! कुणी खाली उतरवत नाही का त्यांना?"

"औषधाने त्यांचा हात मंदावेल. थांबणार नाही."

"बरं." मग म्हणाला, "ताईला कळवू नकोस. लेकीचं बाळंतपण टाकून धावत येईल."

मी हो म्हटलं. म्हणून मागच्या पत्रात नुसतं हवापाणी लिहिलं.

आज दुपारी त्याच्या पाठीशी उशी लावत होते. डोळे मिटलेलेच होते. म्हणाला, "ताई, जरा वर." त्याने मला कधी ताई म्हटलंय? शेंडेफळ, भित्री भागूबाई, काय वाट्टेल ते म्हटलं, पण ताई नाही. मी उशी वर सरकवली. चूक त्याच्याही लक्षात आली असावी. भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

मी फार दमलेय गं. लेकीजवळ तिची सासू आहे, नवरा आहे. इथे मी एकटी. त्याला दिलेला शब्द मोडते आहे, रागावला तर रागावू दे.

बाळंतपण होईस्तोवर थांबू नकोस. ये.

तुझी आणि त्याचीही,
धाकटी