तुझी इमारत रिकामी झाली

बूढापारा, रायपूर

कौमुदी,

काल तू फोनवर खूप रडलीस. लागोसमधली तुझी इमारत धोकादायक ठरवून रिकामी केली आणि दोन बॅगा घेऊन तू ऑफिसच्या गेस्ट हाऊसमध्ये गेलीस. "ताई, खिडकीतून समुद्र दिसायचा गं," म्हणालीस. मी "अरेरे" म्हटलं, फोन ठेवला आणि देवापुढे साखर ठेवली.

तुझे भाऊजी बघतच राहिले. "कौमू तिकडे रडून राहिली अन् तू साखर ठेवून राहिली? काहून?"

तिथली लाईट रोज जायची. मग जिन्यात सगळ्यांचे जनरेटर सुरू व्हायचे, आणि त्यांच्या शेजारीच पेट्रोलचे कॅन. खोलीतल्या खांबाची भेग मला दिसू नये म्हणून तू तिच्यावर कॅलेंडर टांगलंस. पण भेग वाढत वाढत कॅलेंडरच्या खाली आली, ती मला व्हिडिओ कॉलवर दिसायची. एकदा विचारलं, तर "इथे सगळे असेच राहतात" म्हणून तू आठवडाभर फोन केला नाहीस. तेव्हापासून मी फक्त "जेवलीस का?" एवढंच विचारायचे.

हे पत्र पाठवणार नाही. तुझं घर गेलं आणि मला आनंद झाला, हे तुला आत्ता सोसायचं नाही.

सकाळी भाऊजी म्हणाले, "फोन करून समजव ना तिले. किती रडंल पोट्टी?"

मी म्हटलं, "रडू द्या. रडायला ती आहे."

तुझी,
उल्काताई