येथे पत्नीचे नाव लिहावे

आदरणीय साडूभाऊ यांस, धाकट्या साडूचा वाकून नमस्कार.

तुमची प्रकृती उत्तम असणार असे मी धरून चालतो. गेल्या वेळी आमच्याकडे चार दिवस राहिलात, तेव्हा माझे वजन, माझा रक्तदाब आणि माझे अज्ञान या तिन्हींची चौकशी करायला तुम्हाला पुरेसा वेळ होता. आजारी माणसाला दुसऱ्याची इतकी काळजी परवडत नाही. गुडघा कसा आहे? ताईंचा खोकला थांबला का? इकडे सर्व ठीक आहे. सर्व म्हणजे मी, दुकान आणि फ्रिज. घरातले चौथे माणूस (फ्रिजला मी हल्ली माणसांत धरतो, कारण दिवसभरात आवाज काढणारा तो एकटाच आहे) गेले अकरा दिवस तुमच्या घरी आहे. म्हणजे तिची खुशाली खरे तर तुम्हीच मला कळवायची. तुम्ही कळवत नाही. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. हे पत्र मी केवळ आभार मानण्यासाठी लिहितो आहे.

आभार अशासाठी की तुम्ही मला आधुनिक केलेत. तुमच्या वसाहतीतल्या ज्येष्ठांचा वर्ग तुम्ही घेता, त्यांतले सहाजण आता भाजीची यादीसुद्धा यंत्राला विचारून करतात, हे तुम्ही सांगितलेत तेव्हाच मी ओळखले की आता आपली पाळी आहे. माझा फोन तुम्ही हातात घेतलात, त्यात ते बोलणारे यंत्र बसवलेत आणि म्हणालात की ही कृत्रिम बुद्धिमत्ता. त्यावर तुमच्या मेव्हणीने स्वयंपाकघरातून विचारले होते की अस्सल होती तिचे काय झाले. आपण दोघे हसलो होतो. आता आपल्यापैकी एकच जण हसत असणार.

मग तुम्ही धडे दिलेत. पहिला धडा, काहीही विचारा, लाजू नका. दुसरा धडा, नम्रपणे विचारा. तिसरा धडा, सगळे सविस्तर सांगा, कारण त्या बिचाऱ्याला आपल्या घरातले काही ठाऊक नसते. चौथा धडा, ते जे लिहून देईल ते नीट वाचून मगच वापरा, हा असणार होता असे मला नंतर कळले. पण तेवढ्यात तुमची गाडी आली आणि तुम्ही गेलात. मी तुम्हाला दोष देत नाही. पोहायला शिकवणाऱ्याने हातपाय मारणे शिकवावे आणि श्वास कधी घ्यायचा ते सांगायच्या आत त्याची रिक्षा यावी, यात शिकवणाऱ्याचा काय दोष?

सुरुवात फार चांगली झाली, हे मात्र कबूल केले पाहिजे. एका सकाळी मला चष्मा सापडेना. (चष्म्याच्या दुकानदाराला चष्मा न सापडणे म्हणजे काय, ते तुम्हाला कळणार नाही. समोर चारशे फ्रेमी टांगलेल्या असतात आणि त्यांतली एकही आपली नसते.) मी यंत्राला विचारले. त्याने अतिशय अदबीने आठ जागा सुचवल्या. पहिल्या सात मी पालथ्या घातल्या. आठवी होती आपले डोके. त्या क्षणापासून माझी त्याच्यावर श्रद्धा बसली. मग मी दुकानाच्या पाटीचे काम त्याला दिले. ‘विकलेली फ्रेम परत घेतली जाणार नाही’ ही माझी जुनी पाटी जरा उद्धट वाटते असे तुम्हीच म्हणाला होतात. यंत्राने ती मऊ करून दिली: ‘आपले आणि आपल्या फ्रेमचे नाते दीर्घकाळ टिकावे हीच आमची मनोमन इच्छा.’ पाटी लागल्यापासून आठवड्यात तिघांनी फ्रेमी परत आणल्या, आणि एका बाईंनी भाचीसाठी स्थळे बघता का म्हणून विचारले. तरी माझी श्रद्धा ढळली नाही. श्रद्धा अशीच असते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. तुमची मेव्हणी एकतीस वर्षांची नोकरी करून निवृत्त झाली. इस्पितळाच्या सभागृहात तिचा निरोपाचा कार्यक्रम ठरला, आणि मेट्रनबाईंचा मला फोन आला की घरच्यांपैकी कोणीतरी दोन शब्द बोलावेत. घरचे म्हणजे मीच. (फ्रिजला नेता येत नाही.) मी घाबरून घरात सांगितले. तिने इस्त्री थांबवली, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “दोनच बोला, पण बोला. माझ्याबद्दल तुम्हाला चारचौघांत बोलताना मी कधी ऐकलं नाही.” हे ती रागाने म्हणाली नाही. रागाने म्हणाली असती तर मी सावध झालो असतो.

मी काय केले? तुमचा पहिला धडा पाळला आणि लाजलो नाही. दुसरा पाळला आणि आधी ‘कृपया’ घातले. तिसरा मात्र राहिला, कारण मी एका बोटाने टंकतो आणि दुकानात गिऱ्हाईक उभे होते. मी लिहिले: ‘बायको निवृत्त. नर्स. भाषण. पाच मिनिटे. रडवणारे.’ दुसऱ्या गिऱ्हाइकाचे नाकाचे पॅड बदलून होईपर्यंत भाषण तयार. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतले, घडी केली आणि कोटाच्या खिशात घातले. उघडून पाहिले नाही. इतक्या नम्र माणसाच्या कामावर शंका घेणे मला प्रशस्त वाटले नाही.

सभागृह भरलेले होते. डॉक्टर, आया, वॉर्डबॉय, दोन-तीन जुने रुग्णसुद्धा आले होते. ती पुढच्या खुर्चीत मांडीवर फुलांचा गुच्छ घेऊन बसली होती, आणि गुच्छ कसा धरायचा याची सवय नसल्याने तिने तो सलाइनच्या बाटलीसारखा उभा धरला होता. मी वाचायला लागलो. पहिली दोन वाक्ये सूर्य आणि समई यांच्यावर गेली. मग आले तिच्या ओठांवरचे सदैव मंद हास्य. आयांनी एकमेकींकडे पाहिले. (तिला वॉर्डात सगळे ‘करवत’ म्हणतात. तिला हे माहीत आहे आणि मनातून आवडते.) मग आले की तिने आजवर कोणावर आवाज चढवला नाही. मोठ्या डॉक्टरांना खोकल्याची उबळ आली. बहुतेक हाच खोकला ताईंनाही लागला असावा. मला वाटले, सभा रंगते आहे. मी आवाज लावला आणि म्हणालो, आज मला अभिमानाने सांगावेसे वाटते की, येथे पत्नीचे नाव लिहावे, तू माझ्या जीवनाची सावली आहेस.

साडूभाऊ, मी ते अडखळत वाचले असते तर निभावले असते. लोक म्हणाले असते, बिचारा गोंधळला. मी ते अगदी स्पष्ट, भावपूर्ण आवाजात वाचले आणि स्वल्पविरामाशी थांबलोही. मागून कोणीतरी फिस्सकन हसले. मी त्याला दाद समजलो आणि पुढे गेलो. पुढे लिहिले होते, येथे दोघांच्या सहजीवनातील एक हृद्य आठवण घालावी. ते वाक्य मला काव्यमय वाटले, म्हणून मी ते दोनदा म्हटले.

मग सभागृहात जो हशा उसळला तो मेट्रनबाईंनी टेबल वाजवूनसुद्धा आवरेना. सगळे हसले. मीही हसलो, कारण तेव्हाही मला कळले नव्हते. एकटी ती हसली नाही. घरी येऊन तिने गुच्छ बादलीत उभा केला, हात कोपरापर्यंत धुतले, आणि टॉवेलला पुसता पुसता एवढेच विचारले, “इतक्या वर्षांत घालायला एकही आठवण नव्हती?” मी म्हणालो, यंत्राने जागा सोडली होती, मी भरायला विसरलो. हे उत्तर मी स्वतःच्या बुद्धीने दिले, यंत्राचा त्यात काही हात नाही, हे मी मुद्दाम नमूद करतो. दुसऱ्या दिवशी ती बॅग घेऊन तुमच्याकडे आली.

मी पुन्हा यंत्राकडे गेलो. जायला दुसरे होते कोण? सगळी हकीकत सांगून विचारले, चूक कोणाची? ते म्हणाले, तुमचा हेतू चांगला होता, तुम्ही संवेदनशील पती आहात. मला फार बरे वाटले. इतके बरे वाटले की मला संशय आला. म्हणून मग मी तीच हकीकत तिच्या वतीने लिहिली, जणू मी बायको आहे. ते म्हणाले, तुमचे दुःख रास्त आहे, तुम्ही याहून चांगल्या वागणुकीस पात्र आहात. दोन्ही उत्तरे एकाच अदबीने, एकाच तासात. तुमच्याकडे लग्नाची बोलणी करायला आलेले ते मध्यस्थ आठवतात का, दोन्ही खोल्यांत जाऊन मान डोलावून येणारे? मला त्यांचीच आठवण झाली. तरीसुद्धा मी त्याच्याकडूनच माफीपत्र लिहून घेतले आणि तिला फोनवर पाठवले. त्यात सात मुद्दे होते आणि शेवटी सारांश होता. तिचे उत्तर आले: “मुद्दा पाच हा मुद्दा तीनच आहे. आणि यात तुम्ही कुठे आहात?” त्यानंतर आजतागायत काही नाही.

आता त्या मोकळ्या सोडलेल्या जागेबद्दल. तिथे घालायला माझ्याकडे काही नव्हते असा तुमचाही समज झाला असेल, म्हणून फक्त तुमच्या माहितीसाठी सांगतो. दिवसपाळी संपली की ती घरी जाताना दुकानात डोकावते. एरवी येते ती भांडतच येते. काचेवर धूळ का, दिवा का चालू, जेवणाचा डबा अर्धा का. पण काही दिवशी ती गप्प येते. काउंटरच्या आत बसते, माझा स्क्रूंचा खण ओढते, चिमटा घेते आणि स्क्रू वेगळे करत बसते. दांडीचे वेगळे, नाकाच्या पॅडचे वेगळे, बिजागरीचे वेगळे. तासभर. मोहरीएवढे स्क्रू ते, आणि हात जरासुद्धा हलत नाही. पहिल्या वर्षी मला वाटले, टापटिपीची हौस आहे. मी एकदा विचारले, तेव्हा खाली बघूनच म्हणाली, “आज सात नंबरची खाट रिकामी झाली.” पुन्हा मी कधी विचारले नाही.

विचारले नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडले की पहिले काम म्हणून मी ते सगळे स्क्रू पुन्हा एकत्र करतो. खण हलवून नीट कालवतो. पुढच्या वेळी ती तशी आली आणि खणात सगळे जागच्या जागी असले, तर ती काय करील? गेली पंचवीस-सव्वीस वर्षे हे चालू आहे. मी गबाळा आहे, एक खण चार दिवस नीट ठेवता येत नाही, असे ती सगळीकडे सांगते. तुम्हालाही सांगितले असेल. सांगू दे. आता ती निवृत्त झाली, आता तशी कधी यायची नाही. ही चांगलीच गोष्ट आहे. तरी परवा मी खण हलवला. सवय.

हे मी यंत्राला सांगितले नव्हते. खरे तर कोणालाच सांगितले नव्हते, त्यामुळे त्याने ते भाषणात घातले नाही यात त्याचा दोष काढता येत नाही. त्याने जागा सोडली होती, तेवढे त्याने प्रामाणिकपणे केले.

तर असे तुमचे उपकार आहेत. लोभ आहेच, तो या पत्रानंतरही शिल्लक राहिला तर मला कळवावे.

आपला आधुनिक झालेला,
धाकटा साडू

ता. क. तुमचा नवा चष्मा तयार आहे. डाव्या डोळ्याचा नंबर वाढला आहे. दूरचे तुम्हाला छान दिसते, जवळचे दिसत नाही, हे मी तपासणीच्या वेळी बोललो नव्हतो.

ता. क. दुसरा. हे पत्र खाजगी आहे, ते तुमच्या मेव्हणीला अजिबात दाखवू नये. तिला टेबलावर पडलेला कोणताही कागद हातात पेन्सिल घेऊन पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायची सवय आहे. तेव्हा ताई आंघोळीला गेल्यावर, म्हणजे सकाळी साडेनऊच्या सुमारास, हे पत्र जेवणाच्या टेबलावर चहाच्या कपाखाली, अक्षर दिसेल असे ठेवून तुम्ही फिरायला निघून जाऊ नये. विशेषतः तिसरे आणि चौथे पान वर येईल असे तर मुळीच ठेवू नये. यापेक्षा सविस्तर मला सांगता येत नाही.

ता. क. तिसरा. यंत्र मी काढून टाकले आहे असे वरील मजकुरावरून वाटेल. काढलेले नाही. आजच त्याला, तुमच्या सांगण्याप्रमाणे सगळे सविस्तर कळवून, साडूकडे राहायला जाताना काय न्यावे ते विचारले. त्याने चौदा वस्तूंची फार चांगली यादी दिली, ती मी या खेपेस नीट वाचली, आणि निदान तीन आठवड्यांची तयारी ठेवा असेही त्याने सुचवले. बॅग भरून ठेवली आहे. रविवारपर्यंत तिची बॅग इकडे आली नाही, तर माझी तिकडे येईल. मी पहाटे साडेपाचला उठतो आणि रेडिओ जरा मोठ्याने लावतो, हे ताईंच्या कानावर घालून ठेवावे.