आंब्याचा डोंगा आणि जवसाचं तेल

इंझोरी शिवार,
वांग्याच्या वावरातून

आदरणीय साडभाऊ बापूराव यांच्या पायांशी देवानंदचं डोकं पोचे. (डोकं तेलकट आहे, सांभाळून घ्या. कारण पुढं येतंच आहे.) भागिरथाताईंचे गुडघे कसे आहेत ते आधी कळवा, बाकीच्या ताई मागाहून कळवल्या तरी चालेल. तुमचा खोकला, तुमची तूर, आणि हिरवं दिसलं की कुंपण न मानणारा तुमचा तो पांढरा गोऱ्हा, सगळ्यांची खुशाली विचारतो. आमच्याकडे मी ठीक आहे, रुख्मिणी रागात आहे, आणि म्हैस आम्हा दोघांपेक्षा बरी आहे.

मोबाइल असताना हा देवानंद पत्र कशाला लिहितो, असं तुम्ही ताईंना विचारलं असेल. तर मोबाइल औषधाच्या खड्ड्यात पडला. (दुकानदार म्हणतो, आता त्याला कीड लागणार नाही. पण तो बोलणारही नाही.) आणि परवा तुम्ही बाजाराला गेला होता, तेव्हा तलावावर जे झालं ते अर्ध्या गावानं तुम्हाला अर्धंअर्धं सांगितलं असणार. म्हणून मी पहिल्यापासून लिहितो.

तुमचं गाव आणि आमचं वावर यांच्यामध्ये पाणी आहे, एवढंच खरं तर सगळं दुःख. संध्याकाळी कोथिंबिरीच्या जुड्या बांधता बांधता रुख्मिणीचं लक्ष पलीकडे असतं. अंधारात एक दिवा लागला की ती म्हणते, "ताईनं दिवा लावला." तो तुमचाच दिवा कशावरून, असं मी एकदाच विचारलं. पुन्हा विचारलं नाही. सडकेनं यायचं तर मंगरूळपीरला जाऊन गाडी बदला, फाट्यावर उतरा, पायी चाला, आणि ताईंच्या हातचा चहा पोटात उतरतो न उतरतो तोच परतीच्या गाडीमागं धावा, कारण इकडे म्हैस पान्हावून उभी. ताईंना तर गुडघ्यांपायी बसची पायरीच चढवत नाही. बहिणी दिसायला समोरासमोर, भेटायला परदेशात.

वैशाखातल्या वावधनात बांधावरचा आंबा उन्मळून पडला. रुख्मिणीला त्यात सरपण दिसलं. मला डोंगा दिसला. खोडाकडे बघत मी किती वेळ उभा होतो कोण जाणे, पण तेवढ्यात मी तिला घेऊन पाण्यावरून तुमच्या काठाला लागलोही होतो, ताईंनी पोहेही टाकले होते. बायकोनं हाक मारली तेव्हा तोंडाला खरोखर पाणी सुटलेलं होतं.

राजपाल मिस्त्रीला बोलावलं. त्यानं आयुष्यभर चौकटी आणि पाळणे केले, डोंगा त्यानं फक्त लांबून पाहिलेला. (म्हणून डोंगा काहीसा पाळण्यासारखा झाला आहे आणि मागून पाहिला तर गव्हाणीसारखा.) तो म्हणाला, "देवानंदभाऊ, आंबा म्हन्जे किड्याची मिठाई. एका पावसात भुसा करून टाकन." तुम्हाला आठवत असेल, उधईनं माझ्या कारल्याच्या मांडवाच्या बल्ल्या आतून खाल्ल्या होत्या आणि भरल्या कारल्यांसकट मांडव उंटासारखा खाली बसला होता. त्या दिवसापासून मला लाकूड दिसलं की आतला आवाज ऐकू येतो, कुरकुर कुरकुर. तेव्हाच ठरवलं, हे लाकूड मी किड्याला देणार नाही.

मंगरूळच्या कृषी केंद्रवाल्यानं उपाय सांगितला. टाकणखार आणि बोरिक पावडर गरम पाण्यात विरघळवायची, खोडाच्या फळ्या पाडून त्यात बुडवून ठेवायच्या, औषध आत भिनलं की किडा तोंड लावत नाही. रुख्मिणीनं भाजी धुवायचा हौद द्यायला साफ नकार दिला, म्हणून वावरात खड्डा खोदून ताडपत्री अंथरली. फळ्या त्यात अशा शांत पडल्या होत्या, वर ढग, खाली फळ्या, मध्ये मी वाकून माझंच तोंड बघतो आहे. (मोबाइल खिशातून तेव्हाच गेला.) श्रावणात एका दुपारी म्हशीनं दावं सोडवलं आणि त्या पाण्यात जाऊन बसली. नशीब, प्यायली नाही. पण उठेना. डोळे मिटून रवंथ करत होती आणि तिच्याखाली माझा अर्धा डोंगा होता. त्यानंतर बरेच दिवस तिच्या अंगावर माशी बसली नाही म्हणतात. शेजारचा अश्वजित आपल्याही म्हशीला घेऊन आला. मी त्याला परत पाठवला, तर तो अजून बोलत नाही.

फळ्या सावलीत वाळल्या, राजपालनं जोडल्या, फटींत ताग आणि डांबर भरलं. आता पाण्यात सोडायचा, एवढ्यात कृषी केंद्रवाला सहज बोलून गेला, की हे औषध पाण्यात जसं आत जातं तसंच पाण्यात बाहेरही येतं, वरून तेलाचा हात दिल्याशिवाय पाणी दाखवू नका. साडभाऊ, त्या दिवसापासून माझी झोप गेली. जवसाचं तेल आणलं. कोमट करायचं, फडक्यानं चोळायचं, लाकडानं प्यायलं की वाळू द्यायचं, पुन्हा चोळायचं. पिकल्या जवसाच्या वावरात उभं राहावं तसा वास घरभर. लाकूड दिवसेंदिवस मधासारखं होत गेलं, रेघा अशा उमटल्या की जणू आत आधीपासूनच पाणी वाहत होतं. मी चोळत राहिलो. वांगी पिवळी पडली, मी चोळत राहिलो.

दिवाळीच्या सुमारास तेलाच्या फडक्यांचा ढीग गोठ्याच्या कोपऱ्यात पडला होता. भर दुपारी, चूल नाही, काडी नाही, त्यातून आपोआप धूर निघाला आणि जाळ झाला. गाव गोळा झालं. कोणी म्हणे भानामती, कोणी म्हणे आंबा तोडला त्याचा कोप. (तोडला नाही, पडला, हे कोणी ऐकेना.) मी पाणी मारून विझवलं. मागाहून कळलं, जवसाच्या तेलाची फडकी ढिगानं ठेवली की आतल्या आत तापतात आणि पेट घेतात, ती पसरूनच वाळवायची असतात. हे मी गावाला समजावून सांगितलं. गावाला भानामतीच जास्त पटली.

पण संध्याकाळी, साडभाऊ, मी भांडण विसरत असे. डोंगा निंबाखाली विटांवर ठेवलेला. मी आत बसायचो, थोड्या वेळानं रुख्मिणीही येऊन बसायची, जुड्या बांधायची. वरून निंबाची पानं गळायची. बघता बघता विटा जायच्या, वावर जायचं, आणि आम्ही दोघं चाललेले असायचो, सावकाश. एकदा तिनं हात बाहेर काढून बोटं हवेत अशी सोडली, की मला चुबुक ऐकू आलं. मग पलीकडे दिवा लागला आणि ती म्हणाली,

"तुमी डोंगा पान्यात टाकाले केला, का पान्यापासून वाचवाले?"

मी म्हणालो, "एक हात राह्यला."

"आठ हात झाले. लाकूड जपून राह्यले तुमी, मानूस कोन जपन? ताई काही तेल लावून ठेवली नाही म्या."

दुसऱ्या दिवशी मी आणखी एक हात दिला.

परवा सकाळी तेल चोळता चोळता डोंग्यातच माझा डोळा लागला. स्वप्नात डोंगा हलत होता, बायका हसत होत्या. नेहमीचंच स्वप्न, म्हणून मी कूस बदलली. मग पाठीखाली गार लागलं. डोळे उघडले तर वर निंब नाही, नुसतं आभाळ. आणि समोर रुख्मिणी, हिरवं लुगडं नेसून, मांडीवर तिळाच्या चटणीचा डबा. भोवतालच्या वावरांतल्या बायांना जमवून तिनं डोंगा माझ्यासकट ढकलत पाण्यात सोडला होता.

मी आधी फळ्यांना हात लावला. कोरड्या. फटींना लावला. कोरड्या. मग वल्हं शोधलं. वल्ही नव्हती. दोन्ही निंबाला टांगलेली, तेल वाळत.

काही करायचं उरलंच नाही. पाण्यावर धुकं होतं, काठ दोन्हीकडचे गेलेले. वारा नेईल तिकडे आम्ही. ती रागावली नाही, मी घाबरलो नाही. (थोडा घाबरलो.) धुकं उठलं तेव्हा तुमचा काठ एवढा जवळ होता की म्हशी मोजता आल्या असत्या. आणि ताई, काठी टेकत, अगदी पाण्याशी आलेल्या.

"रुख्मे! कोनाच्या गव्हानीत बसून आली व?"

"तुह्या जावयाच्या!" ही ओरडली, आणि हसता हसता तिला पुढं बोलवेना.

मग त्या दोघी पाण्यावरून बोलत बसल्या. गुडघे, लोणचं, आईची नथ कोणाकडे आहे, लहानपणी विहिरीत कोण पडलं होतं. (दोघी म्हणतात दुसरी.) डोंगा ना पुढं जाई ना मागं. मी हातानं पाणी मारून बघितलं, तर तो गोल फिरला आणि रुख्मिणीची पाठ ताईंकडे झाली. मला दोन्हीकडून शिव्या बसल्या. शेवटी बोलणंही संपलं आणि त्या नुसत्या एकमेकींकडे बघत राहिल्या. मग वारा फिरला. आमच्या काठाजवळ जाळं धूत असलेल्या भोयानं दोर टाकून ओढलं. चटणीचा डबा तसाच परत आला होता.

ताईंना नमस्कार. गोऱ्ह्याला आवरा.

तुमचा धाकटा साडू,
देवानंद

ता. क. डोंग्यात पाण्याचा एक थेंब आला नाही, हे लिहायचं राहिलं.

आणखी ता. क. खरी गोष्ट लिहायला इतकी पानं लागली. पवन तुम्हा दोघांना कायमचं पुण्याला नेणार आहे, असं कानावर आलं. त्याचंही बरोबर आहे, पोरगा आहे. पण साडभाऊ, तुम्ही गेलात की पलीकडे दिवा लागणार नाही. मोठे आहात, तुम्हाला काय सांगावं? होळीपर्यंत तरी थांबा. तोवर मी डोंगा पक्का करतो. फक्त एक हात राहिला आहे.

भाऊजी, नमस्कार. पत्र पेटीत टाकाले यांनी माह्याजवळ देलं, म्हून मीच खाली लिवून राह्यली. वल्हे हे इसरले नाही. म्याच निंबाले टांगून ठेवले होते. हातात वल्हं असतं तर पान्याचा पहिला शिंतोडा उडताच यांनी डोंगा मांघारी फिरवला असता. येत्या बाजाराच्या दिवशी हे मंगरूळले वांगे घेऊन जातीन. ताईले सकाळी काठावर खुर्ची टाकून बसवा. मी एकटी येतो, वल्हे घेऊन. पोरगी असताना बाबानं भोयाच्या डोंग्यावर शिकवलं होतं, ते यांनी कधी इचारलंच नाही.

रुख्मिणी