दारूचं पोट

बाबा, तुमचं होतं तसंच पोट मला आलं होतं. आता उतरलंय. खोकताना अजून छातीवर उशी दाबून धरावी लागते, पण चप्पल पुन्हा पायात जाते आणि आडवं पडून झोपता येतं. तुम्हाला शेवटी शेवटी तेवढंही जमत नव्हतं. तुम्ही स्वयंपाकघरात चुलीजवळच्या भिंतीला टेकून बसल्या बसल्या डुलक्या घ्यायचात, आणि आम्हाला वाटायचं, अजून उतरली नाही.

डिचोलीच्या खाणीवर तुम्ही टिपर चालवत होता आणि सुट्टीला पेडण्याला घरी येत होता. आधी पाय सुजले, मग पोट फुगलं, गाल मात्र बसत गेले. असं अंग गावाने दारुड्यांचंच पाहिलेलं. मुकादमाने तुम्हाला गाडीवरून उतरवलं, तेव्हा कुणाला शंकाच उरली नाही. थोरले काका तुम्हाला देवळात घेऊन गेले. मी बरोबर होतो, तेव्हा नववीत असेन. अजून दिसतं. तुम्ही देवासमोर उभे आहात, सदऱ्याची खालची बटणं लागत नाहीत, हातात नारळ आहे, आणि काका सांगतात तसं तुम्ही म्हणता, "यापुढे दारूला शिवणार नाही." एवढं बोलतानाही तुम्हाला धाप लागते. मला तुमची लाज वाटते आणि काकांचा अभिमान. त्यानंतरही पोट वाढतच गेलं, तेव्हा देवाला दिलेला शब्दही ह्याने मोडला असं लोक म्हणाले, आणि मीही तसंच धरून चाललो. जेवताना तुमच्या शेजारी बसायचं सोडून मी आईच्या बाजूला बसायला लागलो. एकदाच तुम्ही आपल्या ताटातला तळलेला बांगडा माझ्याकडे सरकवलात. मी भूक नाही म्हणून उठलो. पुढचा पाऊस तुम्ही पाहिला नाहीत.

हरमलला माझा स्कूटर भाड्याने देण्याचा धंदा आहे. दिवसभर किनाऱ्यावर बार चालवणारे शॅकवाले आणि पर्यटक यांच्यात ऊठबस, त्यामुळे माझे पाय सुजले आणि पोट पुढे आलं, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. मी खरोखरच अधूनमधून बियर घेतो. जवळच्या डॉक्टरांनी ती बंद करायला सांगितली, मी केली. पोटातलं पाणी काढलं, ते पुन्हा भरलं. मी बाहेरून आलो की बायको पाण्याचा तांब्या द्यायच्या निमित्ताने जवळ येऊन वास घ्यायची. आपल्यावर विश्वास नाही हे घरच्या माणसाच्या नाकावरून कळणं काय असतं, ते मला तेव्हा समजलं. तुम्ही ते किती काळ सोसलं असेल.

शेवटी मला बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मला बसवलं आणि पोटाआधी माझी मान पाहिली. मानेच्या शिरा फुगून वर आल्या होत्या. तपासण्या झाल्यावर त्यांनी सांगितलं की हृदय चांगलं आहे, पण त्याच्याभोवती जे पातळ आवरण असतं ते जाड आणि कडक होऊन आवळलंय. हृदयाला भरायला जागाच नाही, म्हणून पाणी पोटात आणि पायांत साचतंय. ते आवरण सोलून काढावं लागेल. आपल्याकडे बहुतेक वेळा हे क्षयामुळे होतं, असंही म्हणाल्या, आणि घरात कुणाला होता का ते विचारलं. मी नाही म्हणालो.

"वडील कशाने गेले?"

"दारूने," मी म्हणालो. अगदी सरळ, जसं वय किंवा गाव सांगावं तसं. मग त्यांनी विचारलं, त्यांचं पोट कसं होतं, पाय कसे होते, आडवं पडता यायचं का. मी एकेक सांगत गेलो. त्या म्हणाल्या, वडिलांना न तपासता खात्रीने सांगता येणार नाही. पण त्यांनी कागदावर दारू लिहिलं नाही.

ऑपरेशन लांबलं. सर्जन नंतर म्हणाले, आवरण हृदयाला इतकं चिकटलं होतं की तुकड्या-तुकड्यांनी सोडवावं लागलं. तपासणीत क्षयच निघाला. पुढचे काही दिवस लघवीवाटे नुसतं पाणी जात राहिलं, आणि एका सकाळी मला माझी पावलं दिसली. बायको खाटेजवळ बसून रडली.

घरी आल्यावर आई पडवीत कुळीथ निवडत बसली होती. तिचं आता वय झालंय, पण कान शाबूत आहेत. मी घाबरत घाबरत सांगितलं, बाबा दारूने गेले नसावेत. तिने सूप खाली ठेवलं नाही.

"माका ठावक असा. तुझ्या बापाशीन कधी थेंब घेवक नाय."

तिने मग सगळं सांगितलं. तुम्ही म्हापशाला जाऊन गुपचूप क्षयाच्या सुया घेत होता. गावातल्या कुणीतरी तुम्हाला तिथे पाहिलं, तेव्हा तुम्ही जायचं सोडलंत. मी विचारलं, मग लोकांना दारू का म्हणू दिलं? देवळात का जाऊ दिलं?

"तेच म्हणाले, दारूच म्हणांदेत, तू गप रव. आक्काचा लगीन होवचा होता. दारू पिणाऱ्याच्या चेडवाक लोक करून घेतत. क्षयाच्या घरात कोण येतलो?"

म्हणजे नारळ हातात घेऊन तुम्ही खोटं बोलला नव्हता. यापुढे शिवणार नाही म्हणालात, आणि आधीही शिवला नव्हता. तुमच्या लेकीचं, आक्काचं, लग्न चांगलं झालं, तुम्ही गेल्यावर. ती अजूनही पोरांना दारूवरून दम देताना तुमचं उदाहरण देते. तिला सांगायचं मी रोज ठरवतो आणि फोन खाली ठेवतो.

बाबा, हे पत्र मी कुणाला वाचून दाखवणार नाही. माझ्या मुलीला बघायला वाळपईहून माणसं यायची आहेत. क्षयाच्या गोळ्या मी कपाटात कपड्यांमागे ठेवल्यात, आणि ज्यांनी ज्यांनी विचारलं त्या सगळ्यांना बायपास झाली म्हणून सांगितलंय.